जुने यंत्र, नव्याची प्रतीक्षा

शाळा-कचेऱ्यांतील लॅपटॉप कुरकुरू लागला की नव्याची मागणी नोंदविली जाते आणि प्रतीक्षा सुरू होते. मंजुरी, निविदा, पुरवठा यांत महिने लोटतात; निकालपत्रके नि पगारपत्रके मात्र त्याच मरणपंथाला लागलेल्या यंत्रावर तयार करावी लागतात. या मधल्या काळाची जबाबदारी कोणाची, याचा विचार क्वचितच होतो.

यंत्र पुन्हा विकत मिळते, त्यातील काम मिळत नाही. म्हणून मागणीपत्रावर सही होईल त्याच दिवशी सर्व मजकुराची दुसरी प्रत अन्यत्र ठेवण्याची सोय कार्यालयानेच केली पाहिजे. हार्ड डिस्क पूर्वसूचना देऊनच बंद पडेल असे नाही. फुगलेली बॅटरी तर जाणकाराकडून तत्काळ काढून घ्यावी. ती पेट घेऊ शकते.

शिवाय जुने ते सारे निकामी नव्हे. विंडोज १० चा सर्वसाधारण पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि विंडोज ११ च्या अटींत न बसणारी अनेक धडधाकट यंत्रे एकाएकी म्हातारी ठरली. त्यांतील बहुतेकांवर लिनक्स चालू शकते. हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी बसविल्यास मंदावलेला लॅपटॉपही पुष्कळदा हुशारतो. लॅपटॉप दुरुस्तीस किती सुलभ आहे, याचा निर्देशांक ग्राहकाला दाखविणे फ्रान्सने जानेवारी २०२१ पासून बंधनकारक केले. आपल्याकडेही सरकारी खरेदी करताना किमतीइतकेच महत्त्व दुरुस्तीला मिळावयास हवे. अन्यथा नवे यंत्र येईल, ते पुढच्या प्रतीक्षेची नांदी म्हणूनच.