जुन्या 'आरएक्स'चे वेड आणि कागदपत्रांचा घोळ

विशेष प्रतिनिधी, पुणे

शोरूममध्ये रांगेने नव्या मोटारसायकली उभ्या असताना, तीस-पस्तीस वर्षे जुन्या दुचाकीसाठी नव्या दीडशे सीसी गाडीइतके किंवा त्याहूनही अधिक पैसे मोजणारा ग्राहक आज शहरोशहरी दिसतो. यामाहाची आरएक्स-१००, तिच्या पाठोपाठ आलेल्या आरएक्स-१३५ आणि आरएक्स-झेड, आणि सर्वांत वरच्या पायरीवर राजदूत ३५०, अशी या बाजाराची साधारण उतरंड आहे. गाडी घेणारा अनेकदा गाडीपेक्षा वयाने लहान असतो. वडिलांच्या किंवा काकांच्या तोंडून ऐकलेली ती गाडी त्याला हवी असते. हौसेला मोल नसते हे खरे. मात्र या हौसेपोटी अनेकजण जी जोखीम नकळत पत्करत आहेत, तिचा हिशेब कोणी मांडताना दिसत नाही.

ही जोखीम इंजिनाची असते, असा सार्वत्रिक समज आहे. प्रत्यक्षात इंजिन दुरुस्त होते. बिघडलेला कागद आणि वाकलेली चासी मात्र सहजासहजी सरळ होत नाही. जुन्या गाडीचे मूल्यमापन कोठून सुरू करायचे, या प्रश्नाचे उत्तर याच फरकात दडले आहे.

दुर्मीळ का झाली?

एस्कॉर्ट्स आणि यामाहा यांच्या सहकार्यातून १९८५च्या अखेरीस आरएक्स-१०० भारतात आली आणि १९९६मध्ये तिचे उत्पादन थांबले. ९८ सीसीचे टू-स्ट्रोक इंजिन, ११ अश्वशक्ती आणि शंभर किलोच्या आसपास वजन, एवढेच तिचे भांडवल होते. कमी वजनामुळे तिला जो वेग क्षणार्धात गाठता येई, तो त्या काळातील चार-स्ट्रोक गाड्यांना झेपणारा नव्हता. राजदूत ३५० त्याआधी, १९८३मध्ये बाजारात उतरली होती. ३४७ सीसीचे दोन सिलिंडर आणि सहा गिअर असलेली ही गाडी मूळच्या परदेशी आवृत्तीपेक्षा सौम्य करण्यात आली होती आणि तिला पुढे डिस्कऐवजी ड्रम ब्रेक होता. तरीही ३०च्या घरातील अश्वशक्ती त्या काळच्या भारतीय रस्त्यांना परकीच होती. पेट्रोल पिणारी गाडी म्हणून तिला ग्राहकाने नाकारले. आज तीच लाखांच्या भाषेत बोलली जाते.

१९९६ आणि २००० सालच्या प्रदूषण मानकांनी टू-स्ट्रोक मोटारसायकलींचा काळ संपत आणला. टू-स्ट्रोक इंजिनात इंधनाबरोबर वंगणही जळते आणि न जळालेल्या इंधनाचा काही भाग धुरासोबत थेट बाहेर पडतो. त्यामुळे या गाड्यांचे जाणे पर्यावरणाच्या दृष्टीने योग्यच होते, हे त्यांच्या चाहत्यांनीही मान्य करायला हवे. नवे उत्पादन बंद आणि मागणी कायम, या परिस्थितीत भाव चढणे अपरिहार्य होते. चढत्या भावाबरोबर बाजारात बनवाबनवीही शिरली.

आधी कागद, मग किक

मोटार वाहन कायद्यानुसार खासगी वाहनाची नोंदणी पहिली पंधरा वर्षे वैध असते. त्यानंतर दर पाच वर्षांनी तिचे नूतनीकरण करावे लागते. हा साधा हिशेब खरेदीदाराने कागदावर मांडून पाहावा. १९९६मध्ये नोंदलेल्या गाडीचे नूतनीकरण २०११, २०१६ आणि २०२१ असे किमान तीन वेळा झालेले असले पाहिजे. १९९०च्या गाडीचे तर २००५पासून २०२५पर्यंत पाच वेळा. आरसी बुकावर यातील एखादी नोंद नसेल, तर तेवढा काळ ती गाडी कायद्याच्या दृष्टीने रस्त्यावर नव्हती, अथवा असायला नको होती.

नूतनीकरणाचा खर्चही आता किरकोळ राहिलेला नाही. मोटारसायकलीचे नूतनीकरण शुल्क एप्रिल २०२२पासून ३०० रुपयांवरून एक हजार रुपये झाले. ऑगस्ट २०२५च्या अधिसूचनेने वीस वर्षांवरील मोटारसायकलींसाठी ते दोन हजार रुपये करण्यात आले. त्यात महाराष्ट्रातील पर्यावरण कराची आणि विलंब झाला असल्यास जादा शुल्काची भर पडते. आरएक्सच्या पिढीतील प्रत्येक गाडी या वीस वर्षांच्या रेषेपलीकडची आहे. विशेष म्हणजे १९९९ची सीबीझी, २००१ची पहिली पल्सर आणि २००३ची करिझ्मा या काल-परवाच्या वाटणाऱ्या गाड्यांचे पहिले ग्राहकही आता त्याच रांगेत आहेत.

'व्हिंटेज' म्हणून यातून सुटका होईल, ही आशाही व्यर्थ आहे. केंद्राने २०२१मध्ये केलेल्या नियमांनुसार पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षे झालेले आणि मूळ स्वरूपातील वाहनच त्या वर्गात बसते. पहिल्या आरएक्स-१००ला तो मान मिळायला २०३५ साल उजाडावे लागेल. तोवर ही गाडी सरकारी दप्तरी केवळ एक जुने वाहन आहे.

नंबर प्लेटने उघडे पाडले

१ एप्रिल २०१९पूर्वी नोंदलेल्या वाहनांना उच्च सुरक्षा नोंदणी पाटी बसवण्याची सक्ती राज्यात झाली, तेव्हा या बाजाराचे एक वेगळेच दुखणे समोर आले. पाटीची मागणी नोंदवताना वाहन क्रमांकासोबत चासी आणि इंजिन क्रमांक द्यावा लागतो आणि तो 'वाहन' या संगणकीय प्रणालीतील नोंदीशी जुळावा लागतो. ऐंशी-नव्वदच्या दशकातील अनेक गाड्यांच्या नोंदी हाताने लिहिलेल्या रजिस्टरांत आहेत. त्या संगणकावर आल्याच नाहीत, किंवा येताना आकडे चुकले. अशा वाहनधारकांना आधी प्रादेशिक परिवहन कार्यालयात जाऊन 'बॅकलॉग' नोंद करून घेणे भाग पडते. त्यासाठी मूळ आरसी बुक लागते आणि अनेकदा मूळ मालकही लागतो. तो हयात नसला, तर वारसांची कागदपत्रे लागतात.

त्यामुळे 'कागद सगळे आहेत, फक्त ऑनलाइन दिसत नाहीत' असे विक्रेता म्हणतो, तेव्हा ती किरकोळ बाब समजू नये. ते काम विक्रेत्याने करून द्यावे आणि मगच पैसे मोजावेत, हाच शहाणपणाचा मार्ग आहे. गाडी परराज्यातील असेल तर तेथील 'ना हरकत' प्रमाणपत्र, येथील कर आणि नव्या क्रमांकाची प्रक्रिया यांची भर पडते. पंधरा वर्षांवरील पेट्रोल वाहनांवर दिल्ली परिसरात न्यायालयीन आदेशांनी निर्बंध आल्यानंतर तेथील वाहने इतर राज्यांत जाण्याचा ओघ वाढला. स्वस्त दिसणाऱ्या गाडीची खरी किंमत ही प्रक्रिया पूर्ण झाल्यावरच कळते.

कोऱ्या सहीचा फॉर्म

या व्यवहारातील सर्वांत घातक प्रथा म्हणजे सही केलेला कोरा 'टीटीओ' फॉर्म. मूळ मालक हस्तांतराच्या फॉर्मवर सही करून गाडी देऊन टाकतो. तो फॉर्म गाडीबरोबर दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या हातात जातो आणि आरटीओच्या दप्तरी मालक पहिलाच राहतो. कायदा सांगतो, की राज्यातल्या राज्यात विक्री झाल्यास विकणाऱ्याने चौदा दिवसांत आणि घेणाऱ्याने तीस दिवसांत ती कळवावी. हौशी व्यवहारात ही मुदत पाळली जातेच असे नाही.

याची किंमत दोघांनाही मोजावी लागते. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१८मध्ये नवीनकुमार विरुद्ध विजयकुमार या खटल्यात स्पष्ट केले, की वाहन अनेक हातांतून गेले असले, तरी अपघाताच्या भरपाईसाठी ज्याच्या नावावर नोंदणी आहे तोच मालक मानला जाईल. दहा वर्षांपूर्वी गाडी विकून मोकळ्या झालेल्या निवृत्त गृहस्थाच्या दारात भरपाई दाव्याची नोटीस येऊ शकते, ती यामुळेच. नोंदणीची मुदत संपलेल्या गाडीचा विमा दावाही अडचणीत येतो. वैध नोंदणीविना वाहन रस्त्यावर आणणे हा विमा कराराचा मूलभूत भंग आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१४मध्ये म्हटले आहे.

चोरीच्या गाडीची बाब त्याहून गंभीर आहे. विकणाऱ्याकडे जी मालकी नाही, ती विकत घेणाऱ्याला मिळत नाही, हे वस्तू विक्री कायद्याचे जुने तत्त्व आहे. प्रामाणिक खरेदीदाराचीही गाडी जप्त होते आणि पैसे बुडतात. म्हणून चासी व इंजिन क्रमांक स्वतःच्या डोळ्यांनी वाचावेत. हँडलखालच्या मानेवरील चासी क्रमांकाभोवती घासल्याच्या, वेल्डिंगच्या किंवा जाड रंगाच्या खुणा असतील, अक्षरे एका ओळीत वा एका खोलीची नसतील, तर व्यवहार तेथेच थांबवावा. चोरीच्या वाहनांच्या नोंदी तपासण्याची सोय राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाने ऑनलाइन उपलब्ध करून दिली आहे. पाच मिनिटांचे हे काम टाळण्याला काहीच कारण नाही.

गाडी थंड असतानाच पाहावी

कागद जुळले, की मग यंत्राकडे वळावे. विक्रेत्याला आधीच सांगून ठेवावे, की गाडी सुरू करून ठेवू नये. गरम इंजिन आपले दोष लपवते. थंड गाडी दोन-तीन किकमध्ये सुरू व्हायला हवी, आणि किकला पायाखाली भरीव विरोध जाणवायला हवा. किक पोकळ जात असेल, तर पिस्टन आणि सिलिंडर झिजले आहेत असे समजावे. सुरुवातीचा निळसर धूर टू-स्ट्रोकचा स्वभावच आहे. इंजिन तापल्यावरही दाट पांढरा धूर येत राहिला आणि गिअरबॉक्समधील ऑइल कमी होत असेल, तर क्रँकचे सील गेल्याची शक्यता असते. खालून येणारी खडखड क्रँकच्या बेअरिंगकडे बोट दाखवते. हा खर्च मोठा असतो आणि चांगले सुटे भाग सहज मिळत नाहीत.

सिलिंडर कितव्यांदा 'बोअर' झाला आहे, हा प्रश्न अवश्य विचारावा. प्रत्येक बोअरिंगला सिलिंडर साधारण पाव मिलिमीटरने वाढतो आणि तेवढा मोठा पिस्टन बसतो. अशा मोजक्याच पायऱ्या असतात. शेवटच्या पायरीवरील गाडीचे पुढचे मोठे काम म्हणजे नवा सिलिंडर किंवा स्लीव्ह. वंगणाचा पंप काढून पेट्रोलमध्येच ऑइल मिसळण्याची पद्धत अनेक गॅरेजमध्ये रूढ आहे. ती चालते, पण मिश्रणाचे प्रमाण एकदा जरी चुकले, तरी इंजिन धावत्या गाडीतच जाम होऊ शकते.

याहून महत्त्वाचे आहे ते चासीचे परीक्षण. गाडी सरळ उभी करून मागून पाहिले असता दोन्ही चाके एका रेषेत दिसली पाहिजेत. पुढचे चाक उचलून हँडल हळूहळू फिरवावे. मध्ये कोठे अडकत असेल तर कोनसेट झिजला आहे. मागचे चाक आडवे हलवल्यास खेळ जाणवला, तर स्विंगआर्मचे बुश गेले आहेत. पुढचे फोर्क आणि मानेजवळची चासी येथे रंगाचा पापुद्रा, वेल्डिंग किंवा सुरकुती आढळली, तर गाडीला समोरून मार बसलेला आहे. अशी गाडी कितीही चकचकीत असली, तरी सोडून द्यावी.

ही सूचना केवळ काटेकोरपणाची नाही. या गाड्यांचा वेग आजच्या वाहतुकीत शिरतो, ब्रेक मात्र ऐंशीच्या दशकातलेच असतात. दोन्ही चाकांना ड्रम ब्रेक, बारीक टायर, वर चाळीस-पन्नास पोळलेली इंजिने हाताळलेल्या मेकॅनिकने वाढवलेली ताकद, आणि हँडलवर विशीतला तरुण, ही बेरीज जिवावर बेतणारी आहे.

फेरफाराचा मोह

आरएक्स-१००च्या चासीत आरएक्स-१३५चे इंजिन बसवणे किंवा मोठ्या आवाजाचा सायलेन्सर लावणे, हे या बाजारात 'काम केलेली गाडी' म्हणून अभिमानाने सांगितले जाते. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९मध्ये वाहनाच्या मूळ रचनेत असे बदल करता येणार नाहीत, असा निर्वाळा दिला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर प्रत्येक फेरफारासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपये दंडाची तरतूद आहे. जप्त सायलेन्सरवर रोडरोलर फिरवण्याचे पोलिसांचे कार्यक्रम राज्यातील अनेक शहरांनी पाहिले आहेत. आरसी बुकातील इंजिन क्रमांक आणि गाडीतील इंजिन यांचा मेळ नसेल, तर नूतनीकरणाच्या वेळी प्रकरण अडकते. म्हणजे 'काम केलेली' गाडी कायद्याच्या दृष्टीने कमी किमतीची ठरते.

धुराचे गणितही विसरता येत नाही. मार्च २०००पूर्वीच्या दुचाकींना कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा साडेचार टक्के आणि हायड्रोकार्बनची नऊ हजार पीपीएम अशी सैल आहे. तरीही झिजलेले, छेडछाड केलेले इंजिन तीही ओलांडू शकते. पीयूसी प्रमाणपत्र गाडी न पाहताच मिळत असेल, तर ते खरेदीदाराच्या उपयोगाचे नाही.

जबाबदारी कोणाची?

जुन्या वाहनांच्या विक्रेत्यांना आरटीओची मान्यता बंधनकारक करणारे नियम एप्रिल २०२३पासून लागू आहेत. मान्यताप्राप्त विक्रेत्याच्या ताब्यात गाडी गेल्याची नोंद झाली, की जबाबदारीही त्याच्याकडे जाते. ही तरतूद मूळ मालकाला दिलासा देणारी आहे. मात्र हौशी गाड्यांचा बराचसा व्यवहार ओळखीतून, गॅरेजच्या ओट्यावर आणि समाजमाध्यमांवर होतो. तेथे हे नियम पोहोचत नाहीत. दुसरीकडे जुन्या हस्तलिखित नोंदी संगणकावर आणण्याचे काम शासनाने एकदा मोहीम म्हणून हाती घेतले, तर अनेक प्रामाणिक मालक सुटतील आणि बनावट कागदांना जागा उरणार नाही. शुल्क वाढवण्याइतकीच तत्परता येथेही दाखवायला हवी.

तोवर भार खरेदीदारावरच आहे. व्यवहार ठरला, तरी पूर्ण रक्कम नाव बदलल्यावरच द्यावी. गाडी ताब्यात घेण्याआधी विमा आपल्या नावाने करून घ्यावा. जुन्या गाडीचे विमामूल्य कंपनी आणि मालक यांच्या संमतीने ठरत असल्याने त्याची बोलणी आधीच करावीत. केवळ तृतीय पक्षाचा विमा असेल, तर चोरीला गेलेल्या लाखाच्या गाडीचा एक रुपयाही परत येत नाही. विकणाऱ्यानेही कोऱ्या फॉर्मवर सही करू नये. जो खरेदीदार आरटीओत येऊन उभा राहायला तयार नाही, त्याला गाडी देऊ नये.