ॲनिमल क्लास एकदाचा पुरा!

व्हायव्हाला हमखास येणारा प्रश्न: ॲब्स्ट्रॅक्ट क्लास आणि इंटरफेस यांत फरक काय? उत्तरही ठरलेलं. इंटरफेसमधल्या मेथडला बॉडी नसते, ॲब्स्ट्रॅक्ट क्लासमधल्या मेथडला असू शकते. पैकीच्या पैकी मार्क! पण हे उत्तर २०१४ सालीच शिळं झालं. जावा ८ आली आणि डीफॉल्ट मेथडच्या रूपाने इंटरफेसलाही बॉडी मिळाली. आपल्या नोट्स मात्र अजून तशाच झेरॉक्स होतायत.

तरी माझा खरा राग आहे तो 'ॲनिमल' नावाच्या क्लासवर. कुत्रा भुंकतो, मांजर म्यावते, म्हणून 'आवाज' ही मेथड ॲब्स्ट्रॅक्ट. पोरं मान डोलावतात आणि मनात म्हणतात, मग कुत्र्याचा क्लास सरळच लिहू की! बरोबरच आहे त्यांचं. या उदाहरणात वरच्या क्लासकडून खालच्याला काहीच मिळत नाही, नुसती सक्ती होते.

त्यापेक्षा जावाच्याच घरातला ॲब्स्ट्रॅक्टलिस्ट दाखवा. फक्त वाचायची यादी हवी असेल तर तुम्ही दोनच मेथड लिहायच्या: 'गेट', म्हणजे अमुक जागी काय आहे, आणि 'साइझ', म्हणजे एकूण किती. बदल्यात एखादी गोष्ट यादीत शोधणं, दोन याद्या सारख्या आहेत का बघणं, मधला तुकडा काढणं, सगळं आयतं मिळतं. कारण ती सगळी कामं या दोन मेथडवरच उभी आहेत. तुमचा डेटा ॲरेत आहे की आणखी कुठे, हे त्या क्लासला कळायचा मार्ग नाही. म्हणून त्याने दोन जागा उघडपणे रिकाम्या सोडल्या. तिथे खोटा 'रिटर्न झीरो' टाकला असता, तर प्रोग्रॅम गुपचूप चालला असता आणि चुकीचं उत्तर देत बसला असता. आता जागा भरली नाहीत तर कंपायलरच अडवतो.

हे न कळलेली पोरं नोकरीला लागतात आणि 'पुढे लागेल' म्हणून प्रत्येक क्लासवर एक ॲब्स्ट्रॅक्ट 'बेस' चढवतात. त्याला वारस एकच, आणि त्यालाही वारशात काही नाही. नंतर बग शोधणारा बिचारा या फाइलमधून त्या फाइलमध्ये हिंडत राहतो.

तेव्हा सर, मॅडम, फरकांचा तक्ता बंद करा. कोड समोर ठेवा आणि विचारा: ही जागा रिकामी का सोडली, आणि भरल्यावर फुकट काय मिळतं? दुसऱ्याचं उत्तर 'काही नाही' आलं, तर तो क्लास खोडून टाकायचे मार्क द्या.