गोड वासाचा धूर

इमारतीच्या तळमजल्यावर काळ्या काचांचा हुक्का पार्लर उघडतो, रात्री उशिरापर्यंत गाड्या थांबतात आणि फळांच्या वासाचा धूर जिन्याने वर येतो. शेजारी म्हणतात, ‘पाण्यातून आलेला धूर, त्याने काय होणार?’ किंवा, ‘उगाच वैर कशाला घ्यायचे?’ वाचकहो, खिडकी लावून घेण्यापूर्वी थोडा विचार करा.

पाण्याने धूर थंड होतो, शुद्ध होत नाही. चिलमीवरील निखाऱ्यांतून कार्बन मोनॉक्साइड निघतो. तंबाखूविरहित ‘हर्बल’ हुक्काही त्याला अपवाद नाही. हा वायू रक्तातील प्राणवायूची जागा बळकावतो. म्हणूनच दमा वा हृदयविकार असलेल्या ज्येष्ठांनी या धुरापासून दूर राहावे.

मुंबईतील कमला मिल आवारात २९ डिसेंबर २०१७ रोजी लागलेल्या आगीत १४ जण दगावले. चौकशीत हुक्क्याच्या निखाऱ्यांकडे बोट दाखवले गेले. त्यानंतर २०१८ मध्ये महाराष्ट्राने कायदा करून हुक्का पार्लरवर बंदी घातली.

तेव्हा तक्रार करणे म्हणजे वैर नव्हे. मात्र एकट्याने वाद घालू नका. दिवस व वेळ टिपून ठेवा, सोसायटीतर्फे सह्यांचा अर्ज पोलीस ठाण्यात द्या आणि पोच घ्या.

आणि त्या दारातून आपलाच नातू बाहेर पडताना दिसला तर? चारचौघांत बोलू नका. घरी जवळ बसवून शांतपणे विचारा. तंबाखू सोडण्यासाठी १८००-११२-३५६ या राष्ट्रीय क्रमांकावर विनामूल्य मार्गदर्शन मिळते. पहिला दूरध्वनी दोघांनी मिळून करा.