जंत म्हणजे एकच नव्हे!

शेळी खंगली, जंत झाले. वासराचे पोट सुटले, जंत झाले. पोराने दात खाल्ले, तरी जंतच! मग दुकानातून बाटली आणायची आणि अंदाजाने पाजायची. कोणता जंत, हे कुणी विचारत नाही. शेतकरी बंधूंनो, मावा आणि बोंडअळी यांना एकच औषध चालत नाही, हे आपल्याला पाठ आहे. कीड ओळखल्याशिवाय आपण पंप पाठीवर घेत नाही. मग गोठ्यात आणि घरातच असा आंधळा कारभार का?

जंतांचे ढोबळ तीन गट आहेत. सुतळीसारखे ते गोलकृमी, पानासारखे चपटे ते पर्णकृमी आणि फितीसारखे लांब, कप्प्याकप्प्यांचे ते पट्टकृमी. पट्टकृमीला तोंड नाही, आतडे नाही. तो डोक्याने आतड्याला चिकटतो आणि सगळ्या अंगाने अन्न शोषतो. शेवटचे कप्पे अंड्यांनी भरले, की तुटून विष्ठेवाटे बाहेर पडतात. आयव्हरमेक्टिन आणि लेव्हामिसोल ही औषधे गोलकृमीवर चालतात, पट्टकृमीला त्यांचे काहीच होत नाही. "सुई दिली तरी लेंडीत भाताची शितं दिसतातच," ही तक्रार मी वारंवार ऐकतो, तिचे मूळ इथे आहे.

ही शितं म्हणजे बहुधा मोनिझिया. गवतातल्या बारीक कोळ्यांबरोबर तो करडांच्या पोटात जातो. अल्बेंडाझोलने तो जातो, पण नुकत्याच गाभण राहिलेल्या शेळीला ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय पाजू नका. हा जंत माणसाला होत नाही. म्हणजे ज्याला पाहून आपण घाबरतो, तो त्यातल्या त्यात गरीब.

खरा घातकी दिसतच नाही. कुत्र्याच्या आतड्यातला एकिनोकॉकस फक्त २ ते ७ मिलिमीटर लांब, तीन-चार कप्प्यांचा. कुत्रा धडधाकट दिसतो. पण त्याच्या विष्ठेतली अंडी चाऱ्यातून मेंढी, म्हैस यांच्या पोटात आणि हातावाटे माणसाच्या पोटात गेली, की काळजात नाहीतर फुफ्फुसात पाण्याने भरलेल्या गाठी होतात. माणसात त्या कित्येक वर्षे गुपचूप वाढतात आणि अनेकदा शस्त्रक्रियेवर पाळी येते. कुत्र्याचाच दुसरा एक पट्टकृमी मेंढीच्या मेंदूत गाठ करतो. मेंढी एका अंगाला गरागरा फिरते आणि लोक करणी शोधत बसतात.

तिसरा डुकराच्या मांसातला, टिनिया सोलियम. कच्चे राहिलेले मांस खाल्ले, की माणसाच्या आतड्यात पट्टकृमी वाढतो. पण त्या माणसाच्या विष्ठेतली अंडी भाजीतून, पाण्यातून, न धुतलेल्या हातातून दुसऱ्याच्या पोटात गेली, तर गाठी थेट मेंदूत होऊ शकतात आणि फेफरे येते. "आम्ही माळकरी, आम्हाला कसला डुकराचा जंत?" असे म्हणून चालत नाही. माळकऱ्यालाही हा रोग होतो, कारण तो मांसातून नाही, उघड्यावरच्या हागणदारीतून येतो. म्हणून फेफरे आलेल्या माणसाला देवऋषाकडे नेऊ नका, दवाखान्यात न्या.

ओळख पटवणे सोपे नाही, हे मान्य. सोलियम आणि गाई-बैलांच्या मांसातून येणारा सॅजिनाटा यांची अंडी सूक्ष्मदर्शकाखाली सारखीच दिसतात. कुत्र्याच्या एकिनोकॉकसचीही तशीच. फरक कळतो तो पडलेल्या कप्प्यावरून. त्यातल्या गर्भाशयाला एका बाजूला ७ ते १३ फांद्या असतील तर सोलियम, त्याहून जास्त असतील तर सॅजिनाटा. म्हणून माणसाच्या शौचात फितीचा तुकडा दिसला तर फेकू नका. उघडा हात न लावता बाटलीत घालून डॉक्टरांना दाखवा. जनावरांची ताजी लेंडी किंवा शेण पशुवैद्यकीय दवाखान्यात तपासून घ्या, मगच औषध आणा.

मी कृषी खात्यातला माणूस, पशुवैद्य नव्हे. पण शेतात मेंढ्या बसवतो तो शेतकरीच आणि मेंढ्यांमागे कुत्री येतातच. शेळ्यांना डोस पाजायची शिबिरे होतात, कुत्र्याचे नाव मात्र क्वचितच निघते. माझे स्पष्ट मत आहे, की ज्या गावात शेळ्यांना डोस, त्याच गावात त्याच दिवशी पाळीव कुत्र्यांनाही डॉक्टरांच्या सल्ल्याने प्राझिक्वांटेल दिले पाहिजे. बाजारच्या दिवशी कापलेल्या जनावराचे काळीज-फुफ्फुस गाठीसकट कुत्र्यापुढे टाकणे ग्रामपंचायतीने बंद करावे आणि खोल खड्डा काढून ते पुरावे. खड्ड्याला खर्च तो किती? येत्या ग्रामसभेत हा विषय कुणीतरी काढाच.