पोटाची झाडलोट

दिवाळीच्या आधी आपण घर झाडतो आणि दिवाळीनंतर पोट. पहिला रिवाज जुना आहे, दुसरा अलीकडचा. फराळाचे डबे रिकामे झाले आणि सदऱ्याची बटणे कुरकुरू लागली, की सात दिवस नुसत्या रसावर राहण्याचे बेत घरोघर शिजू लागतात. ह्या विधीला 'डिटॉक्स' म्हणतात. अंगात साचलेले विष बाहेर काढले की वजन आपोआप उतरते, अशी त्यामागची समजूत. आमच्या रत्नागिरीलाही हा वारा लागला आहे. स्टाफरूममध्ये चहाला 'नको' म्हणून बाटलीतला हिरवा रस पिणारे आता दोघेतिघे तरी निघतात.

मी मराठीचा मास्तर, वैद्यकाचा नव्हे. तेव्हा माझी पहिली शंका शब्दाची. विष म्हणजे कोणते विष? त्याचे नाव काय? २००९ साली इंग्लंडात काही तरुण शास्त्रज्ञांनी 'डिटॉक्स'चा शिक्का असलेल्या १५ मालांची चौकशी केली, तेव्हा दोन कंपन्यांची व्याख्या काही एकमेकींशी जुळेना. वर्गात अर्थ विचारला की तोच शब्द जरा मोठ्याने पुन्हा म्हणणारे विद्यार्थी असतात ना, त्यातलाच हा प्रकार!

वास्तविक शरीराची झाडलोट करायला यकृत आणि मूत्रपिंडे हे गडी रात्रंदिवस राबत असतात, आणि तेही बिनपगारी. ते आजारी पडले, तर रस पिऊन भागत नाही. इस्पितळच गाठावे लागते.

'पण वजन तर उतरते ना?' असे कोणी विचारील. उतरते! आणि तिथेच माणूस भुलतो. आपले शरीर यकृतात आणि स्नायूंत साखरेचा थोडा साठा करून ठेवते. त्याला ग्लायकोजेन म्हणतात. ह्या साठ्याच्या दर ग्रॅमबरोबर सुमारे ३ ग्रॅम पाणी साठलेले असते. खाणे तोडले की साठा संपतो, पाणी निघून जाते, आणि दोनचार दिवसांत काटा किलो-दीड किलो खाली येतो. पुन्हा आमटीभात सुरू झाला की गेलेले पाणी मुकाट्याने परत येते. चरबीचा हिशेब निराळा आहे. १ किलो चरबी म्हणजे सुमारे ७,७०० कॅलरी. साधारण माणूस दिवसाला २,००० च्या आसपास खर्च करतो. म्हणजे दिवसभर तोंडात कण घातला नाही, तरी जाणार ती फार तर पाव किलो. आणि दिवस वाढत गेले की तिच्याबरोबर स्नायूही झिजतात. २०१५ साली ऑस्ट्रेलियातल्या दोन संशोधकांनी ह्या विषयावरचे प्रसिद्ध झालेले काम तपासले. बाजारी डिटॉक्स आहाराची रीतसर तुलना करून घेतलेली एकही चाचणी त्यांना आढळली नाही.

ह्यावर कोणी म्हणेल, आपल्याकडे लंघन नाही का? आहे. पण ते वैद्याने प्रकृती, बळ आणि ऋतू पाहून सांगायचे. उरुळी कांचनला १९४६ साली गांधीजींनी निसर्गोपचाराचे काम सुरू केले, तेही रोग्याला जवळ ठेवून, त्याच्यावर नजर ठेवून. बाटलीवरच्या चिठ्ठीला रोग्याची नाडी कळत नाही. आपल्या आयाबायांचा उपास तर वजनासाठी नव्हताच. आणि त्याचे पुढे काय होते, ते 'एकादशी, दुप्पट खाशी' म्हणणाऱ्यांनी केव्हाच ओळखले होते.

हे सारे नुसते हसण्यावारी नेण्याजोगे असते, तर मी लेखणी उचलली नसती. २०१८ च्या जूनमध्ये पुण्यात चाळिशीची एक स्त्री दुधी भोपळ्याचा रस प्याली. उलट्या-जुलाब सुरू झाले आणि काही दिवसांत ती दगावली. कडू दुधीत कुकर्बिटासिन नावाची विषारी द्रव्ये असतात आणि त्यांवर उतारा नाही. विष काढायला म्हणून घेतलेला पेलाच विषाचा ठरू शकतो, तो असा! दिल्लीत २०१० साली असेच घडल्यावर भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या तज्ज्ञांनी साधा सल्ला दिला होता: रस काढण्यापूर्वी दुधीचा तुकडा चाखून पाहा, आणि कडू लागला तर फेकून द्या. आपल्या आज्या भाजी चिरताना हेच करीत होत्या. 'औषध कडूच असते' ह्या समजुतीने मात्र माणूस कडू पेला डोळे मिटून घशाखाली लोटतो.

दुसरा धोका मधुमेहाच्या माणसांना. आमच्या शेजारच्या वहिनींनी मुलाच्या लग्नाआधी बारीक व्हायचे म्हणून रसाचा सप्ताह मांडला. जेवण बंद, पण साखर उतरवणारी गोळी चालूच. तिसऱ्या दिवशी त्या घामाने थबथबून ओट्याशी बसल्या त्या उठेचनात. डॉक्टर वेळेवर आले म्हणून लग्नात त्यांच्याच हातून अक्षता पडल्या.

आता आपल्या परसातले पाहा. कोकमाचा एक दक्षिणी भाऊबंद आहे. त्याच्या सालीचा अर्क 'गार्सिनिया' ह्या नावाने वजन उतरवण्याच्या गोळ्यांत मिळतो. १९९८ साली अमेरिकेत १३५ जणांवर १२ आठवडे चाचणी झाली. अर्क घेणाऱ्यांचे वजन सरासरी ३.२ किलोने उतरले आणि नुसती खोटी गोळी घेणाऱ्यांचे ४.१ किलोने! तेव्हा सोलकढी प्यावी ती चवीसाठी. तिच्यावर कंबर कमी करण्याची जबाबदारी टाकू नये.

मला खरी काळजी वाटते ती माझ्या वर्गातल्या सतरा-अठराच्या मुलींची. अंगात मुळातच रक्त कमी, त्यात दुपारचा डबा बंद आणि पिशवीत रसाची बाटली. दुसऱ्या तासाला त्यांचे चेहरे पांढरे पडलेले दिसतात. त्यांच्या आयांना माझे एवढेच सांगणे: मुलीला भाकरी, उसळ, मासळी पोटभर खाऊ द्या, तळणाला आणि गोडाला जरा आळा घाला, आणि संध्याकाळी तिला मांडवीपर्यंत चालत धाडा. वजन हळूहळू उतरेल, महिन्याला एखाददुसरा किलो. पण ते चरबीचे असेल. आणि तुम्हांलाही तिच्याबरोबर चालत जायला कोणाची मनाई नाही.