रांगेतली मुले

अमेरिकेच्या स्थलांतर धोरणावर पीएच.डी. करणाऱ्याने कलमांइतकेच त्या कलमांत अडकलेल्या माणसांकडे पाहावे, असे मला मनापासून वाटते. १९२३मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने भगतसिंग थिंड यांना नागरिकत्वासाठी अपात्र ठरवले. पहिल्या महायुद्धात अमेरिकी सैन्याचा गणवेश घातलेला हा शीख माणूस कायद्याच्या लेखी ‘गोरा’ नव्हता, एवढेच कारण. १९४६मध्ये भारतीयांना वर्षाला १०० जणांचा कोटा मिळाला. १९६५मध्ये ती जुनी कोटापद्धतच गेली. विषमता मात्र आकड्यांत उरली. नोकरीवर आधारित ग्रीन कार्डे वर्षाला सुमारे १,४०,००० आणि त्यांतच जोडीदार व मुलेही मोजायची. शिवाय एका देशाच्या वाट्याला साधारण ७ टक्क्यांची मर्यादा, मग तो भारत असो की आइसलंड! भारतीय अर्जदार या मर्यादेपेक्षा खूप जास्त, म्हणून त्यांची ग्रीन कार्डाची रांग लांबत जाते. न्यू जर्सीतल्या मराठी घरांतही, आईवडिलांबरोबर त्या रांगेत वाढलेली मुले एकविशी गाठताच त्यांच्या अर्जातून बाहेर पडतात. (वय मोजताना कायदा थोडी सवलत देतो, पण इतक्या लांब रांगेपुढे ती अनेकांना पुरत नाही.) हा उघड अन्याय आहे. मराठी संशोधकांनो, आयटीतल्या पगारांवर पुष्कळ लिहून झाले. आता या मुलांवर प्रबंध लिहा.