छातीतली धडधड



आमच्या वस्तीत एक मावशी राहतात. चार घरची धुणीभांडी करून त्यांनी संसार ओढला. गेले वर्षभर त्यांना मध्यरात्री दचकून जाग येते. छातीत धडधड, हाताला मुंग्या, घशाला कोरड आणि आता आपण काही राहत नाही ही भीती. दोनदा कार्डिओग्राम काढला. दोन्ही वेळा डॉक्टर म्हणाले, "काही झालेलं नाही." मावशींनी आम्हाला विचारले, "भाऊ, काही झालं नाही, तर मग रात्री होतं ते काय?"

प्रश्न रास्त आहे. त्या कागदावरून एवढेच कळते की हृदयात दोष दिसला नाही. धडधड खोटी आहे, मावशी सोंग करतात, असे काही त्यातून निघत नाही. पण घरची माणसे तसाच अर्थ काढतात. कोणी म्हणते मनाचे खेळ आहेत, कोणी म्हणते बाहेरचे काही असेल. देव्हारे काढून टाकून दोन पिढ्या झालेल्या घरातही हे दुसरे वाक्य ऐकू येते, याचे आम्हाला नवल वाटते.

आम्ही हे पुस्तकी सांगत नाही. २०१९ च्या मार्चअखेर कचेरीत रोजकीर्द जुळेना. फरक २,७०० रुपयांचा. संध्याकाळचे सात वाजले, साहेब समोर उभे. एकाएकी आमच्या बोटांना बधिरपणा आला, कपाळावर घाम फुटला, खुर्ची फिरल्यासारखी वाटली. सहकाऱ्यांनी रिक्षात घालून दवाखान्यात नेले. कार्डिओग्राम चांगला निघाला. फरकाला नऊने भाग जात असेल तर आकड्यांची अदलाबदल झाली असावी, हे आम्हीच नव्या पोरांना शिकवतो. त्या संध्याकाळी ते आठवले नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी दहा मिनिटांत चूक सापडली. ७,४१० च्या जागी ४,७१० लिहिले होते.

भीतीने शरीर कसे बदलते याचा अभ्यास अमेरिकेत वॉल्टर कॅनन नावाच्या शास्त्रज्ञाने केला. क्ष-किरणांखाली तो मांजराच्या जठराची हालचाल पाहत असे. मांजर बिथरले की ती हालचाल थांबते, हे त्याच्या ध्यानात आले. पुढे १९१५ साली त्याने या विषयावर ग्रंथच लिहिला. सार असे की संकट दिसले की शरीर लढायला किंवा पळायला तयार होते. मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या दोन ग्रंथी आहेत. त्यांतून अ‍ॅड्रेनालिन रक्तात उतरते. हृदय जोरात चालते, रक्त हातापायांच्या मोठ्या स्नायूंकडे वळते, पोटाचे काम मागे पडते, तोंडातली लाळ आटते, तळहाताला घाम येतो.

आता आपली भाषा पाहा. पोटात गोळा आला, घशाला कोरड पडली, छातीत धस्स झालं, हातपाय गार पडले. आपल्या आज्यांनी कॅनन वाचला नव्हता, पण शरीरात काय होते ते त्यांना बरोबर ठाऊक होते. ही सगळी तयारी वाघ मागे लागला तर उपयोगी. शरीराला मात्र वाघ आणि साहेब यांतला फरक कळत नाही. पळायचे नसते, लढायचेही नसते, आणि सगळी तयारी अंगातच राहते.

मुंग्यांचे कारण निराळे आहे. भ्यालेला माणूस भराभर श्वास घेतो. त्यामुळे रक्तातला कार्बन डायऑक्साइड गरजेपेक्षा जास्त बाहेर जातो. मग ओठ आणि बोटे बधिर होतात, चक्कर येते, कधी बोटे आखडतात. त्याने माणूस आणखी घाबरतो आणि आणखी जोरात श्वास घेतो. अशा वेळी शेजारीपाजारी "मोठा श्वास घ्या, मोठा श्वास घ्या" म्हणून ओरडतात. हेतू चांगला, सल्ला चुकीचा. तोंडाला कागदी पिशवी लावण्याचाही उपाय काही जण करतात. तो करू नये. दुखणे खरोखर हृदयाचे किंवा दम्याचे असेल तर त्याने घात होतो.

मग करायचे काय? मनगटावर अंगठ्याच्या बाजूला दोन बोटे ठेवून नाडी पाहा. श्वास आत घेताना ती किंचित जलद आणि सोडताना किंचित मंद होते. तरुण माणसात हे चांगले जाणवते. मेंदूतून निघून हृदयाकडे आणि पोटाकडे जाणारी एक लांब नस आहे. श्वास सोडताना ती हृदयाला लगाम घालते. म्हणून सोडण्याचा वेळ वाढवायचा. चार आकडे मोजत नाकाने हळू आत, सहा मोजत हळू बाहेर. छाती फुगवायची नाही, पोट हलले पाहिजे. पाच मिनिटे. आणि हे धडधड सुरू झाल्यावर पहिल्यांदा करायला गेलात तर जमणार नाही. रोज चांगल्या वेळी सराव हवा. आम्ही गाडीची वाट पाहताना फलाटावर करतो, कोणाला कळतही नाही.

आपल्या पुष्कळ घरांत आनापान माहीत आहे. त्यात श्वास लांबवायचा नसतो, आहे तसा पाहायचा असतो, म्हणून दोन्हींची गल्लत करू नये. काहींना श्वासाकडे लक्ष दिले की उलट जास्त घाबरायला होते. त्यांनी श्वास सोडून द्यावा. दोन्ही मुठी पाच-सात सेकंद घट्ट आवळून सैल सोडाव्यात, मग खांदे, मग पाय. शिकागोच्या एडमंड जेकबसन या डॉक्टरने स्नायू सैल सोडण्याच्या विद्येवर १९२९ साली पुस्तक लिहिले. दिवसभर पिळे काढणाऱ्या हातांना ते शिकवावे लागत नाही.

एक मात्र बजावून सांगतो. छातीत दाब किंवा आवळल्यासारखी कळ, ती हातात किंवा जबड्यात जाणे, थंड घाम, दम लागणे असे काही झाले तर श्वास मोजत बसू नये. तडक दवाखाना गाठावा. बायकांच्या बाबतीत "टेन्शन आहे" म्हणून टाळाटाळ होते, ती होऊ देऊ नये. रक्त कमी असले, थायरॉइड वाढले, तरीही धडधडते. मावशींचे हिमोग्लोबिन कमीच निघाले, त्याच्या गोळ्या चालू आहेत. दिवसाला सात-आठ कप चहा आणि मिश्री हेही पाहावे लागले. मिश्रीने बरे वाटते असे त्या म्हणतात, पण तंबाखूने हृदय जलदच चालते. दारूचेही तसेच. रात्री सैल वाटते, पहाटे दुप्पट धडधड. आणि मेडिकलवाल्याकडून चिठ्ठीशिवाय झोपेची गोळी आणू नये. तिची सवय लागते आणि ती एकदम सोडणेही धोक्याचे असते.

आमची एक चूक येथे कबूल करतो. वस्तीतल्या एका बारावीच्या मुलाला परीक्षेआधी असेच व्हायचे. आम्ही त्याला सभेत बोलतो तसे सुनावले की मन घट्ट कर, रडूबाई होऊ नकोस. तो आमच्याकडे यायचाच बंद झाला. स्वतःवर बेतले तेव्हा आम्ही तरी कोणाला सांगितले? चार महिने लपवले. चळवळीतला माणूस घाबरतो हे सांगायची आम्हाला लाज वाटली. शेवटी सरकारी रुग्णालयातल्या मानसोपचार विभागाची पायरी चढलो. रांगेत आमच्यासारखीच डबा घेऊन आलेली माणसे होती. ज्यांना तेथवर जाणे होत नाही त्यांनी १४४१६ हा टेलि-मानसचा क्रमांक फिरवावा. ही सरकारी सेवा २०२२ साली सुरू झाली. पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येते, रात्रीही.

मावशींना आम्ही विचारले, कोणत्या रात्री जास्त होते? त्यांनी आठवून सांगितले, बुधवारी. गुरुवारी गटाच्या कर्जाचा हप्ता असतो. आता श्वास मोजून हप्ता फिटत नाही, हे आम्हालाही कळते. पण बुधवारची रात्र जागून काढलेल्या बाईला गुरुवारी वसुलीवाल्यापुढे तोंडातून शब्द फुटत नव्हता. आम्ही कर्जाची पुस्तिका मागवून हिशेब मांडला. दोन हप्ते जादा धरलेले निघाले. मावशी पुस्तिका घेऊन स्वतः गेल्या आणि बोलल्या. आम्ही दारात नुसते उभे होतो.

परवा त्या नळावर भेटल्या. जाग अजून येते म्हणाल्या, पण पूर्वीइतकी नाही. आकडे त्यांना रात्री सुधरत नाहीत. म्हणून श्वास आत घेताना त्या कामाच्या चार घरांची नावे घेतात आणि सोडताना सहा नातवंडांची. "धाकट्यापर्यंत पोचेपर्यंत डोळा लागतो, भाऊ," असे म्हणून त्यांनी हंडा उचलला.